श्रेणी सुधारचा निकाल राखीव, आणि मग हायकोर्ट

एम.कॉम.ला मला 1600 पैकी 877 गुण होते, म्हणजे 54.81 टक्के. सहायक प्राध्यापक व्हायचं तर पदव्युत्तर पदवीला 55 टक्के लागतात आणि नेट-सेट या पात्रता परीक्षांना अपूर्णांक वर ओढत नाहीत. एससी, एसटी, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी आणि दिव्यांगांना पाच टक्क्यांची सवलत आहे; मी खुल्या प्रवर्गातली. तीन गुणांसाठी सगळं एम.कॉम. पुन्हा करण्यापेक्षा दोन पेपर पुन्हा देऊन गुण वाढवावेत, म्हणजे श्रेणी सुधारून घ्यावी, असं ठरवलं.

आमच्या विद्यापीठाचा नियम होता, की उत्तीर्ण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत श्रेणी सुधार परीक्षेला बसता येईल. आता आमची बॅच 2020ची. कोविडमुळे अंतिम वर्षाच्या परीक्षा लांबल्या, त्या घ्यायच्या की नाहीत यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला, 28 ऑगस्ट 2020ला निकाल आला की परीक्षेशिवाय पदवी नाही, आणि आम्ही ऑक्टोबरात पेपर दिले. निकाल नोव्हेंबरात लागला. गुणपत्रिकेवर मात्र छापलं 'मार्च/एप्रिल 2020'. तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही.

2023च्या उन्हाळी सत्राचा श्रेणी सुधारचा फॉर्म भरला, चलन भरलं, हॉल तिकीट आलं, जूनमध्ये दोन्ही पेपर दिले. निकालाच्या यादीत माझ्यासकट काही जणांपुढे 'राखीव', म्हणजे निकाल रोखून ठेवलेला. खिडकीवर विचारलं तर उत्तर मिळालं, "तुमची मुदत एप्रिलमध्येच संपली, मॅडम. परीक्षा जूनला झाली ना!" म्हणजे 2020चा उशीर मोजताना छापलेला महिना धरायचा आणि 2023चा उशीर मोजताना प्रत्यक्ष तारीख. मी हे त्या क्लार्कना समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनाही ते पटलं असावं, पण सहीचा अधिकार त्यांचा नव्हता.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2023च्या विनियमांप्रमाणे आधी विद्यार्थी तक्रार निवारण समिती, तिचं पटलं नाही तर विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेला विद्यापीठाचा लोकपाल. मी समितीकडे लेखी तक्रार दिली आणि आवक शाखेचा शिक्का मारलेली पोच घेतली. ही पोच पुढे फार कामाला आली, कारण उच्च न्यायालयात थेट दाद मागायच्या रिट याचिकेत पहिला प्रश्न येतो तो पर्यायी मार्ग वापरला का, हा. समितीनं 'नियमानुसार कार्यवाही करण्यात आली आहे' एवढं एक वाक्य कळवलं. लोकपालाची नेमणूक तोवर झालेलीच नव्हती.

मग उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात वकिली करणाऱ्या एका मॅडमना भेटले. मी घरची परिस्थिती, तासिका तत्त्वावरचा तुटपुंजा पगार, हे सगळं सांगायला लागले. त्यांनी थांबवलं. "हे याचिकेत एका परिच्छेदात येईल. मला फॉर्मची पावती, हॉल तिकीट आणि नियमाची पूर्ण प्रत द्या. नियमाचा सारांश नको, पूर्ण प्रत." ती प्रत परीक्षा विभागातून मिळेना; शेवटी माहितीच्या अधिकारात मागवली.

याचिका दाखल झाली. विद्यापीठानं उत्तराच्या शपथपत्रात अपेक्षेप्रमाणे दहावी-बारावीच्या महाराष्ट्र राज्य मंडळाच्या खटल्यातला 1984चा निकाल पुढे केला. फेरमूल्यांकनाच्या त्या वादात सर्वोच्च न्यायालयानं मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला होता आणि शैक्षणिक धोरणात न्यायालयांनी तज्ज्ञांच्या जागी आपलं मत बसवू नये असं म्हटलं होतं. परीक्षेच्या बहुतेक प्रकरणांत तो निकाल विद्यार्थ्यांच्या विरोधात येतोच. फेरमूल्यांकनाची तरतूद नियमातच नसेल तर कोर्टात जाऊन सहसा हाती काही लागत नाही, हे मलाही तिथेच कळलं. पण आम्ही एकही गुण मागत नव्हतो. पेपर तपासून झाले होते, गुण त्यांच्याकडेच पडून होते.

मॅडमचा भर होता 1975च्या कुरुक्षेत्र विद्यापीठाच्या निकालावर. हजेरी कमी असलेल्या कायद्याच्या विद्यार्थ्याला विद्यापीठानं परीक्षेला बसू दिलं आणि नंतर उमेदवारी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, अर्ज तपासायचं काम विद्यापीठाचं आणि ते परीक्षेआधीच व्हायला हवं; विद्यार्थ्यानं लबाडी केलेली नसेल, तर एकदा बसू दिल्यावर उमेदवारी काढून घेता येत नाही. माझ्या फॉर्मवर उत्तीर्ण झाल्याचं सत्र आणि निकालाची तारीख, दोन्ही स्पष्ट लिहिलेली होती.

तारखांचं काय सांगू? एकदा विद्यापीठाच्या वकिलांनी वेळ मागितला, एकदा त्या दिवसाच्या प्रकरणांच्या यादीत (बोर्डावर) आमचा नंबरच लागला नाही. सुनावणी झाली ती मात्र चटकन. दोन न्यायमूर्तींपैकी एकांनी माझी 2020ची गुणपत्रिका आणि 2023चं हॉल तिकीट मागवून घेतलं आणि विद्यापीठाच्या वकिलांना विचारलं, दोन्हीकडे एकच मोजमाप लावायला अडचण काय? वकिलांनी विद्यापीठाकडून सूचना घेतो म्हणून सांगितलं. पुढच्या तारखेला विद्यापीठाकडून, माझा परीक्षेचा निकाल जाहीर करतो, असं निवेदन आलं, ते नोंदवून याचिका निकाली निघाली. खर्च मिळाला नाही, मागण्याचा धीरही नव्हता. 894 गुण झाले, 55.87 टक्के.

पुष्कळजण विचारतात, सुधारच्या परीक्षेत गुण कमी पडले तर? आमच्याकडे दोन्हींपैकी जास्तीचे धरतात. सगळीकडे तसं नाही. सीबीएसईनं 2021मध्ये नंतरचेच गुण अंतिम अशी अट घातली होती. जानेवारी 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द करून विद्यार्थ्यांना निवड दिली. पण ते कोविडकाळातल्या त्या धोरणापुरतं होतं. फॉर्मवर सही करण्याआधी आपल्या विद्यापीठाचा नियम वाचाच.

त्या यादीतल्या बाकीच्यांचे निकाल आपोआप लागले नाहीत. आदेश फक्त माझ्यापुरता होता. त्यांनी आदेशाची प्रत जोडून अर्ज केले. दोघांचे लागले, एकाला अजून 'विचाराधीन' असं कळवतायत, आणि त्याचं वकीलपत्र आता मॅडमकडेच आहे.