तुम्ही विचारलंत म्हणून: कोर्टात एवढं बोलायला जमतं कसं?

लॉ कॉलेजची मुलंमुली भेटली की हा प्रश्न येतोच. मॅडम, कंपन्यांच्या एवढ्या मोठ्या केसेस लढता, कोर्टात तासन् तास बोलायला जमतं कसं?

30 वर्षं हेच काम करतेय आणि खरं सांगते, बोलणं हा त्यातला अगदी छोटा भाग आहे. हे दावे कागदांवर चालतात. करार, त्यात नंतर केलेल्या दुरुस्त्या, मीटिंगची मिनिट्स, बिलं आणि ईमेल, हजारो ईमेल. नवीन केस आली की मी आधी तारखांची यादी करायला बसते, कुठल्या दिवशी कोणी कोणाला काय कळवलं ते ओळीने. बरेच सीनियर हे काम ज्युनियरकडे देतात, मी नाही देत, कारण यादी करता करता केस डोक्यात बसते, दुसऱ्याने केलेली वाचून ती तशी बसत नाही.

हे मला एका चुकीने शिकवलं. तेव्हा नवीन होते, माल उशिरा पोचल्याचा दावा होता, आणि आमच्या अशिलांचं म्हणणं की उशीर होणार हे आम्हाला कधी कळवलंच नाही. आमच्या साक्षीदाराने शपथेवर तेच सांगितलं. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी त्याचाच एक ईमेल दाखवला, ‘वेळापत्रक मिळालं, ठीक आहे’ एवढाच. तो ईमेल मी वाचला होता पण त्याआधीच्या ईमेलची अटॅचमेंट उघडली नव्हती, आणि नव्या तारखा सगळ्या तिथेच होत्या. माणूस खोटं बोलत नव्हता हो, विसरला होता, पण त्यानंतर त्याचं खरं बोलणंही कोणाला पटेना. बाहेर बाकावर मान खाली घालून बसलेला तो मला अजून दिसतो. चूक माझी होती आणि शरमेने मान खाली गेली त्याची.

तेव्हापासून उलटतपासणीतही ज्याचं उत्तर कागदावर आहे तेच विचारते. ‘असं का केलंत?’ हे तर शक्यतो नाहीच, त्यावर साक्षीदाराला हवं ते बोलायला मोकळं रान मिळतं.

नुकसानभरपाईचंही तसंच. इंग्लंडमधला 1854 चा हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल हा निकाल मी ज्युनियरना पहिल्याच आठवड्यात वाचायला लावते. ग्लॉस्टरच्या पिठाच्या गिरणीचा क्रँकशाफ्ट तुटला, नवीन बनवायला नमुना म्हणून तो ग्रिनिचला पाठवायचा होता, वाहतूकवाल्यांनी उशीर केला आणि गिरणी तेवढे जास्त दिवस बंद राहिली. पण बुडालेला नफा काही मागता आला नाही, कारण हा शाफ्ट पोचेपर्यंत गिरणी बंदच राहणार हे करार करताना वाहतूकवाल्यांना माहीत असल्याचं दिसत नव्हतं. म्हणजे आकडा कितीही मोठा असू दे, आधी बघायचं की सही झाली त्या दिवशी कोणाला काय ठाऊक होतं, आणि ते शोधायला परत तारखांच्या यादीकडेच यावं लागतं.

यातल्या पुष्कळ केसेस निकालापर्यंत जातच नाहीत, आधीच मिटतात. तेव्हाही मी यादीच टेबलावर ठेवते, आणि कधी कधी दोन्हीकडचे साहेब काय घडलं ते सलग असं पहिल्यांदाच वाचत असतात.

सध्याच्या केसची यादी 41 पानांवर गेलीय, आणि 2 बॉक्स फायली अजून उघडायच्या आहेत.