३२६.०९ चं शिखर

स्वादुपिंडाचा कर्करोग रक्तातून लवकर ओळखता येईल का, हा माझ्या पीएचडीचा विषय. सध्या वापरात असलेली चाचणी म्हणजे सीए १९-९, रक्तातला एक शर्करायुक्त रेणू मोजणारी. पण ती साध्या काविळीतही वाढते, आणि लुईस प्रतिजन (तांबड्या पेशींवर दिसणारी, रक्तगटासारखी एक आनुवंशिक खूण) नसलेल्या माणसांत कर्करोग असूनही वाढत नाही. म्हणून आम्ही चयापचयातले छोटे रेणू धुंडाळायला घेतले.

यंत्रापेक्षा वॉर्डातल्या सिस्टरांची मर्जी सांभाळणं अवघड, हे कुठल्याच कोर्सात शिकवत नाहीत. ट्यूब टेबलावर पडून राहिली की तांबड्या पेशी आतलं ग्लुकोज संपवत राहतात, लॅक्टेट वाढतं. मग आपण आजार मोजतोय की वॉर्डबॉयचा चहा, कळत नाही. त्यामुळे जांभळ्या टोपणाची ट्यूब थेट बर्फात, लगेच सेंट्रिफ्यूज, प्लाझ्मा उणे ८० अंशांत. पुढे थंड मिथेनॉलने प्रथिनं खाली बसवायची आणि वरचा द्रव एलसी-एमएसला, म्हणजे रेणू वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राला, लावायचा.

निकालाच्या आलेखात ३२६.०९ या वस्तुमानावर एक शिखर उठून दिसलं. रुग्णांत उंच, निरोगी लोकांत जवळजवळ सपाट. लॅबमध्ये पेढ्यांची भाषा सुरू झाली. मला मात्र २३०.०१ चं शिखर छळत होतं. तेही त्याच नमुन्यांत वर चढलेलं. औषधं बाहेर टाकण्यासाठी यकृत त्यांना ग्लुक्युरोनाइड किंवा सल्फेट जोडतं. म्हणून पहिल्यातून ग्लुक्युरोनाइडचे १७६.०३ वजा केले, दुसऱ्यातून सल्फेटचे ७९.९६. दोन्हीकडे १५० च्या किंचित वर उरलं, म्हणजे मूळ रेणू एकच. पॅरासिटामॉल! पोट दुखतं म्हणून रुग्ण गोळ्या घेत होते, एवढंच.

औषधं वगळली तर पित्ताम्लं पुढे आली. पण स्वादुपिंडाच्या डोक्याकडची गाठ पित्तनलिका दाबते, तसा पित्ताचा खडाही ती अडवतो, म्हणजे पित्ताम्लं दोन्हीत वाढणार. तेव्हापासून फक्त निरोगी लोकांशी तुलना केलेले पेपर मी सावधपणेच वाचते. ओपीडीत काविळीचा पेशंट समोर असतो तेव्हा डॉक्टरांना गाठ की खडा, एवढंच हवं असतं. खड्यांच्या रुग्णांचा गट मिळवायला मग बराच काळ गेला.

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही अमिनो आम्लं रक्तात वाढलेल्यांना पुढे हा कर्करोग होण्याचा धोका दुपटीहून जास्त दिसला होता. आमचं लक्ष आता त्यांच्यावर आहे. मधुमेहातही ही तिन्ही वाढतात, म्हणून मधुमेहींचा वेगळा गट जमवतोय. उपाशीपोटी या म्हणून बजावलं तरी बरेच काका-मावशी चहा-बिस्किट उरकूनच येतात. "चहाने काय होतंय गं!"