पाकिटातली जुनी फिल्म

मी मूळचा चंद्रपूरचा. वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी कोळशाची धूळ लहानपणापासून पाहिलेली. छातीच्या विकारांचा डॉक्टर होऊन, व्हिसाच्या अटीप्रमाणे तीन वर्षांसाठी आलो तेही कोळशाच्याच मुलखात: वेस्ट व्हर्जिनियातली मॅकडॉवेल काउंटी. १९५० साली इथे जवळपास एक लाख माणसं होती. २०२०च्या जनगणनेत उरली १९,१११.

त्या दिवशी आलेले गृहस्थ ४८ वर्षांचे. खाणीच्या छताला भोकं पाडून बोल्ट ठोकायचे. नाडी बघायला हात धरला, तर पेरांवर निळ्या रेघा. जखमेत कोळशाची भुकटी राहून वर कातडी आली, की गोंदल्यासारखी ती खूण जन्मभर राहते. एक वाक्य पुरं करायला त्यांना दोनदा थांबावं लागत होतं.

त्यांनी एक पिवळं पडलेलं पाकीट पुढे केलं. वडिलांच्या छातीची फिल्म. मी ती लाइटबॉक्सवर लावली, शेजारच्या पडद्यावर त्यांचा नवा एक्स-रे उघडला. पस्तीस वर्षं खाणीत काढलेल्या वडिलांच्या फुप्फुसांत बारीक ठिपके. मुलाच्या दोन्ही फुप्फुसांत वरच्या बाजूला लिंबाएवढे पांढरे गोळे.

"डॉक, हे उलटं कसं?"

कारण त्यांना माझ्याहून नीट माहीत होतं. इथला कोळशाचा पोकाहॉन्टस थर नावाजलेला, पण जाड थर संपत आले. आता पातळ थर काढताना वरखालचा दगडही कापावा लागतो, आणि दगडातली सिलिका कोळशाहून घातक. १९६९च्या कायद्याने खाणीतल्या धुळीवर मर्यादा आली, त्या धुळीने फुप्फुसांना होणारा 'ब्लॅक लंग' हा आजार ओसरत गेला आणि २०००च्या सुमाराला पुन्हा उसळला. जो आजार रोखता येतो हे ठाऊक आहे, तो चाळिशीतल्या माणसात बघताना मला आजही संताप येतो.

जाता जाता ते म्हणाले, "वेल्चच्या कोर्टाच्या पायऱ्या पाहिल्यात?" वेल्च हे या काउंटीचं मुख्य गाव. १९२१ साली खाणकामगारांची बाजू घेणाऱ्या सिड हॅटफील्ड या पोलीसप्रमुखाला त्या पायऱ्यांवरच गोळ्या घातल्या. हे ते घरातली गोष्ट सांगावी तसं सांगत होते.

फॉर्म भरताना मी काम सोडल्याची तारीख विचारली.

"तो रकाना रिकामा ठेवा. आज रात्रपाळी आहे."

मी खुर्ची पुढे ओढली. आजार झालेल्या कामगाराला पगार न कापता कमी धुळीच्या कामावर बदली मागता येते, तो कायदा कलमासकट समजावला. त्यांनी अर्ज घेतला, घडी घातली आणि वडिलांच्या पाकिटात सरकवला.