सहीतला श

तीन झेरॉक्स समोर घेऊन बसले होते, प्रत्येकीवर 'सत्यप्रत' लिहून खाली सही करायची, एवढंच काम. दुसऱ्या सहीला हात अडखळला. तो श. छोटी गाठ मारून खाली लांब शेपूट सोडलेला. तो माझा नाहीचे! सातवीत मैत्रिणीच्या वहीतून उचललाय मी, पानंच्या पानं गिरवून, माझा आधीचा बावळट श मोडून. बोलणं बंद होऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजून तिच्या अक्षरात सही करतेय, वर लिहितेय सत्यप्रत.

मग काय, डोकं सुरूच झालं. हसणं आईचं, चिडले की आवाज थेट बाबांचा, 'हो का गं' म्हणायची लकब परत तिचीच. परीक्षेत कधी कॉपी केली नाही म्हणून मिरवणारी मी, आणि आख्खी मीच उतरवलेली. रडूच आलं, खोटं कशाला बोलू. बाबांचं तर... जाऊदे.

झेरॉक्सची युक्ती काढणारा चेस्टर कार्लसन पेटंटच्या कामात कागदपत्रांच्या नकलांना वैतागला होता म्हणे. २२ ऑक्टोबर १९३८ ला पहिली प्रत निघाली, त्यावर काय, तर तारीख आणि अस्टोरिया, जिथे बसून काढली ती जागा. जगातली पहिली झेरॉक्स, काहीतरी बरं लिहायचंस ना बाबा! पण हे वाचून जरा हसू आलं. आणि डॉली मेंढी, १९९६ ची, सहा वर्षांच्या दुसऱ्या मेंढीच्या कासेतल्या पेशीवरून केलेली नक्कल, तिला निदान सही तरी करायला लागत नव्हती.

आपल्या पेशीसुद्धा दुभागताना डीएनएची अब्जावधी अक्षरं उतरवून काढतात, चुका तपासतात, खोडतात, तरी एखादी राहतेच. माझ्या श मध्येही राहिली असेल की.

तिसऱ्या कागदावर मुद्दाम जुना श काढून बघितला. कोणा परक्या बाईची सही वाटली, बाकीच्या दोन्हींशी जुळेना, परत झेरॉक्स काढायला उठावं लागलं. नकलेला अक्कल लागते म्हणतात, मला तर अस्सलालाही कमी पडली.

आता चौथी सही केलीये, तिच्याच श ची. शेपूट माझं सरळ खाली जातं. तिचं बहुतेक डावीकडे वळायचं. की माझंच वळायचं आधी? विचारायचं तरी कोणाला.