जुने लेख, नवा पत्ता

खगोलशास्त्रावरचे माझे बावीस जुने लेख गेले दोन महिने तपासून घेतेय. इतकी वर्षं ते माझ्या ब्लॉगवर कविता आणि प्रवासवर्णनांच्या गर्दीत पडून होते. आता ते फक्त आकाशनिरीक्षणाला वाहिलेल्या एका संकेतस्थळावर जाणार आहेत.

तिथल्या संपादिकाबाईंनी शनीवरचा लेख परत पाठवला, तेव्हा एका वाक्यावर लाल खूण होती : ‘शनीला ६२ चंद्र आहेत.’ लिहिलं तेव्हा ते बरोबरच होतं. पण मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नव्या चंद्रांची भर पडली आणि संख्या २७४ झाली. मी नुसता आकडा बदलणार होते. त्या म्हणाल्या, “‘आतापर्यंत माहीत असलेले’ असं लिहा, आणि सोबत महिना-वर्षही द्या.” अगदी पटलं. प्लूटोचा तर अख्खा परिच्छेद नव्याने लिहिला. २०१५ मध्ये न्यू होरायझन्स यान जवळून गेलं, तेव्हा कुठे त्याचा हृदयाच्या आकाराचा बर्फाळ प्रदेश आपल्याला नीट दिसला!

एक हट्ट मात्र मी सोडला नाही. जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे ३०१ रिडायरेक्ट हवाच, म्हणजे जुनी लिंक उघडली की वाचक आपोआप नव्या पानावर पोचेल, अशी कायमची सोय. कुणीतरी जुनी लिंक जपून ठेवली असेल, आणि त्या वाचकाला ‘पान सापडलं नाही’ असं दिसलं तर मला फार लागेल. मूळ तारीख आणि दुरुस्तीची तारीख, दोन्ही लेखाखाली राहतील.

धूमकेतूंवरचे तीन लेख अजून माझ्याकडेच आहेत. आज रात्री तेच घेऊन बसणार आहे.