तलंगांना लावलेला बल्ब

जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, आमच्या जनावरांच्या दवाखान्यात वर्दळ कमी असते. अर्धं सोलापूर होम मैदानावर असतं. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास फोन आला. कुंभारीच्या विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, अक्का बोलत होत्या. "म्याडम, तांबडी तलंग शेपूट खाली टाकून नुसती जोर करायलीय. रात्रीपासून काय खाईना."

अक्कांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, मला माहीत होत्या. गणपतीत एका फिरत्या विक्रेत्याकडून त्यांनी सहा पिल्लं घेतली होती, गिरीराज जातीची, महिन्याभराची. साडेचार महिन्यांत अंडी देतील असं सांगून त्याने ती विकली होती. परसात फिरून खाणारी ही जात सहा महिन्यांच्या आसपास अंड्यावर येते, आणि तेही खाणं चांगलं असेल तर. पण अक्कांनी डिसेंबर उजाडताच रोज सकाळी खुराड्यात हात घालून चाचपायला सुरुवात केली होती. नातवाला घरचं अंडं द्यायचं होतं.

डिसेंबरच्या मध्यात कोंबड्यांना राणीखेत रोगाची लस द्यायला मी त्यांच्या गल्लीत गेले होते. अक्का उंबऱ्यात बसून विड्या वळत होत्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली पानं. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "अजून अंडं का न्हाई ओ म्याडम?" मला पुढची दहा घरं करायची होती. "दिवस लहान आहेत अक्का, उजेड कमी पडतोय," एवढं म्हणून मी निघाले.

त्यात खोटं काही नव्हतं. उजेड डोळ्यांतून जातोच, कवटीतून थेट मेंदूपर्यंतही पोचतो, आणि दिवस वाढायला लागला की कोंबडीचं अंडाशय जागं होतं. डिसेंबरात सोलापूरचा दिवस जेमतेम अकरा तासांचा. अंड्यावरच्या कोंबडीला चौदा ते सोळा तास लागतात. पण हे अर्धंच होतं, आणि उरलेलं अर्धं मी सांगितलं नव्हतं.

मी पोचले तेव्हा तलंग खुराड्याच्या कोपऱ्यात छाती वर काढून ताठ उभी होती. डोळे अर्धे मिटलेले. पिसं फुललेली. पहिली शंका तंबाखूचीच आली, कारण सुपाखाली सांडलेला चुरा कोंबड्या टिपतात आणि निकोटीन पक्ष्यांना विषच. पण अंगाला थरथर नव्हती, लाळ नव्हती. उचलून घेतली तर सव्वा किलोही भरली नसती. या वयाला दोन किलोच्या आसपास हवी होती. गुदद्वार सुजलेलं, आणि कडेला टोचल्याच्या खुणा. पोटाखाली बोटं नेली तर गोळा हाताला लागला. अंडं अडकलं होतं.

तेवढ्यात वर लक्ष गेलं. खुराड्याच्या छताला वायरने बांधलेला बल्ब, आणि तो भर दिवसा चालू.

"हे कधीपासून?"

"तुमीच म्हणलात की उजेड पायजे. तवापासून रातभर लावतोय. लाईटबिल वाढलं, पण म्हणलं होऊ दे."

मला काही बोलता येईना. महिनाभर त्या जिवांना रात्र मिळाली नव्हती. उजेडाने शरीराला अंड्याची घाई लावली, आणि शरीरात त्यासाठी लागणारं सामान नव्हतंच. अक्का घालत होत्या ती ज्वारी, भाताचं शिळं आणि भाजीचे देठ. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. शंभर ग्रॅम ज्वारीत तीस मिलिग्रॅमही नसतं. म्हणजे एका कवचापुरतं कॅल्शियम नुसत्या ज्वारीतून मिळवायचं तर सात किलो ज्वारी लागेल, आणि कोंबडी दिवसाला खाते मूठ-दीड मूठ. अंड्यावर येण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत तलंग हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा साठा करते. हिने काय साठवायचं? आणि अंडं बाहेर ढकलायला स्नायू आवळावे लागतात, त्यालाही कॅल्शियमच लागतं.

आधी बल्ब काढायला लावला. घमेल्यात कोमट पाणी घेतलं, तान्ह्या बाळाला घालतो तेवढंच ऊन, आणि तलंगेला पोटापर्यंत त्यात धरून बसले. वीस मिनिटं. अक्का शेजारी बसून तिच्या डोक्यावर पदर धरून होत्या, अंधार व्हावा म्हणून. हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. मग कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, बोटाने आतल्या कडेला गोडेतेल लावलं आणि तिला गोणपाटाने झाकलेल्या डालग्यात ठेवलं. जोर लावून ओढणं हा सगळ्यात मोठा धोका. अंडं आत फुटलं तर कवचाच्या धारेने नळी फाटते. थांबणं भाग होतं.

त्या वेळात अक्कांचा हात सुपाकडे गेला नाही. घरात बसल्याबसल्या हजार विड्यांचा हिशोब पुरा करणारी बाई अर्धा-पाऊण तास रिकामी बसली होती.

डालग्यात खसखस झाली. अंडं आलं होतं, बदकाच्या अंड्याएवढं, रक्ताची रेघ असलेलं. कवच इतकं पातळ की माझ्या तळव्यातच दबून फुटलं. आत दोन बलक. उजेडाने घाई केलेल्या तलंगांत असं होतं. दोन बलक एकापाठोपाठ सुटतात आणि एकाच कवचात अडकतात. अक्का बघत राहिल्या. "पैलं अंडं असं," एवढंच म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की यात तुमची चूक नाही, मी घाईत अर्धंच सांगून गेले होते. हे सांगताना माझा आवाज मला ओळखू येईना.

दुपारपर्यंत मी तिथेच होते. उरलेल्या पाचही तलंगा एकेक करून हातात घेतल्या आणि अक्कांचा हात धरून त्यांना दाखवलं. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना टोकदार हाडं लागतात. त्यांच्यामध्ये एकच बोट मावलं तर अजून वेळ आहे. दोन बोटं सहज गेली, तुरा आणि चोचीखाली लोंबणारी गलोल लालभडक झाली, की अंडं जवळ आलं. पाचहीजणींत एकच बोट मावत होतं. तुरे फिकट होते. विडी वळणाऱ्या बोटांना हे मी समजावण्याआधीच कळलं होतं.

ज्वारीत घाण्यावरची शेंगपेंड मिसळायला सांगितली, आणि वेगळ्या वाटीत शिंपल्याचा चुरा. अंगात लागेल तेवढा कोंबडी स्वतः टिपून खाते. बल्ब मात्र वजन भरेपर्यंत बंद. नंतर लावायचा तर फक्त पहाटे, दोन तास.

तांबडी वाचली. महिनाभर तिने अंडं दिलं नाही, आणि ते बरंच झालं.

फेब्रुवारीच्या शेवटी अक्कांचा फोन आला. "म्याडम, पिवळीच्या पाठीला हात लावला की पंख पसरून खाली बसायलीय."

"बोटं किती जातात?"

"दोन. आज सकाळी बघितलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "तांबडीची बी दोन."

"आणि बल्ब?"

"न्हाई लावला. तुमाला इचारल्याबिगर न्हाई."

मी दवाखान्याला कुलूप लावलं आणि गाडी कुंभारीच्या रस्त्याला वळवली. या वेळी पुढची दहा घरं नव्हती.