बोलेक्सला लेन्स जुळवताना: सांगलीतला माझा अनुभव

बोलेक्स एच-१६ रिफ्लेक्स या फिल्मवर चालणाऱ्या सिने कॅमेऱ्याच्या तोंडाला, लेन्स पिळून बसवायला, सी-माउंटचे आटे असतात: एक इंच व्यास, इंचाला ३२ आटे. विकणारे म्हणूनच बिनधास्त सांगतात, कुठलीही सी-माउंट लेन्स चालेल. कोल्हापूरच्या एका निवृत्त कॅमेरामनकडून हा १६ मिमीचा कॅमेरा मी घेतला, तेव्हा सोबतच्या पेटीत व्यवस्थित बसणाऱ्या आणि तरी कामाच्या नसलेल्या लेन्सच जास्त निघाल्या.

अडचण प्रिझमची. लेन्स आणि फिल्मच्या मध्ये काचेचा ठोकळा आहे, तो थोडा प्रकाश व्ह्यूफाइंडरकडे वळवतो. या काचेमुळे फोकस सुमारे सव्वातीन मिमी मागे सरकतो, म्हणून माउंट ते फिल्म हे अंतर साध्या सी-माउंट कॅमेऱ्यात १७.५२ मिमी, तर इथे २०.७६ ठेवलंय. फोकस जागेवर येतो खरा, पण लेन्स पूर्ण उघडली की काठाकडून येणारे किरण बिघडतात आणि चित्र दुधाळ दिसतं. लेन्स जितकी वाइड, तितका त्रास जास्त. ५० मिमीच्या आतल्या लेन्स आरएक्स छापाच्या, म्हणजे या प्रिझमचा हिशेब धरून केलेल्या घ्या, असं म्हणतात ते यासाठी.

त्यामुळे केर्न कंपनीची १० मिमी स्विटार आरएक्स ठेवली. त्यांचीच ७५ मिमीची यव्हार साधी असली तरी लांब फोकल लेंथची, तीही ठेवली. सीसीटीव्हीच्या लेन्स पहिल्या फटक्यात बाद! काही सीएस-माउंटच्या, म्हणजे आटे तेच, पण त्यांना १२.५२ मिमी अंतर लागतं. या कॅमेऱ्यावर लांबचं काही फोकसच होणार नाही. उरलेल्यांचं चित्र १६ मिमीची पूर्ण चौकट भरत नव्हतं. एकीचं मागचं नळकांडं इतकं लांब होतं, की घट्ट पिळली असती तर प्रिझमच फुटलं असतं. लेन्स चढवण्याआधी मागचा भाग व्हर्निअरने मोजावाच.

राहिली आरी कंपनीच्या जुन्या स्टँडर्ड माउंटची २५ मिमी लेन्स, ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी केलेली. बोलेक्सची चौकट लहान असल्याने ती भरेल का, ही चिंता नव्हती. तिला ५२ मिमी अंतर लागतं. माउंटचा व्यास ४१ मिमी. लेन्सला लागणारं अंतर कॅमेऱ्याच्या अंतरापेक्षा जास्त असेल तर मध्ये रिंग घालता येते, कमी असेल तर विषय संपला.

किर्लोस्करवाडी ज्या जिल्ह्यात आहे तिथे लेथवाल्यांना काय तोटा! कुपवाड एमआयडीसीतल्या एका टर्नरअण्णांकडे चित्र काढून नेलं. रिंगची जाडी ५२ वजा १७.५२, म्हणजे ३४.४८. कॅमेऱ्याचे २०.७६ वजा करायचे नाहीत. तो फरक प्रिझमच खाऊन टाकतं.

अण्णांनी आट्यांवर बोट ठेवलं. "पाव्हणं, आट्यांना आठ दशांश मिलिमीटरचा पिच टाकला तर दोन-चार आटे जातील, मग आवळंल. १२७ दाताचं गिअर लावतो, इंची आटे बरोबर पडतील."

"जाडी किती सांभाळाल?"

"वीस मायक्रॉन. त्याच्या खाली ग्राइंडिंगला न्या."

मी ३४.४५ करायला सांगितलं, उरलेलं पितळी शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी भरायला. लेन्स रिंगच्या ४१ मिमीच्या भोकात तीन बिनडोक्याच्या ग्रब स्क्रूंनी धरली. लेन्स जड, त्यामुळे खाली आधार लागतोच.

आयर्विन पुलावर कॅमेरा ट्रायपॉडवर लावला आणि सांगलीवाडीकडची लांबची झाडं पाहिली. फोकस रिंग अनंताच्या खुणेवर ठेवून झाडं कडक दिसेपर्यंत शिम बदलत गेलो. येणारे-जाणारे विचारत होते, पुलाची मोजणी चाललीय का.

फाइंडरवर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नये. १०० फुटी रोल सेकंदाला २४ फ्रेमने पावणेतीन मिनिटं चालतो. त्यात प्रत्येक लेन्स वेगवेगळ्या अ‍ॅपर्चरला शूट केली आणि रोल डेव्हलपिंगला मुंबईला पाठवला. स्विटार पूर्ण उघडी असतानाही स्वच्छ. यव्हारला काही करावंच लागलं नाही. आरीची २५ पूर्ण उघडी असताना मऊ आली, अ‍ॅपर्चर f/४ किंवा त्याहून लहान केलं की उत्तम. रिंग बरोबर होती. ती लेन्स आरएक्स नाही, एवढंच. ती आता फक्त उन्हातल्या शॉटसाठी काढतो.